बैलाच्या नावानं चांगभलं

पोळा झाला की दोन दिवस माझा फोन बैलांनी भरून जातो. झूल घातलेले बैल, शिंगांना बेगड लावलेले बैल, पुरणपोळी खाणारे बैल, आणि खाली ठरलेली ओळ, की आपल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या नादी लागून आपला खरा मित्र गमावला. यंदा हे मला अकरा जणांकडून आलं. त्यातले सहा आपल्याच घरातले आहेत, आणि ते हे वाचणार आहेत हे मला माहीत आहे. तर मंडळी, रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

माझं माहेर अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कुशीत. दोन एकर भातखाचरं, वर उतारावर थोडी वरकस जमीन आणि तिच्या डोक्यावर आमची राई, म्हणजे ऐन, साग, थोडी हिरड्याची झाडं. बैल डांगी. आमच्याकडच्या पावसात खिल्लारी उभा राहायचा नाही. डांगीच्या कातड्याला एक तेलकटपणा असतो, पाणी अंगावरून ओघळून जातं, आणि खूर काळे नि टणक. तो पळत नाही, त्याला घाई नसते. आषाढात गुडघाभर चिखलात चिखलणी करताना पळणारा बैल हवा आहे कुणाला?

लहानपणी मी औत धरलंय. "पोरीच्या जातीनं औत धरू नये" असं आजी म्हणायची, आणि दादा ताप येऊन पडला की तीच मला खाचरात पाठवायची. असो. मी जे शिकले ते एवढंच, की बैल हाकायचा नसतो, त्याच्याशी जमवून घ्यायचं असतं. बांधाच्या कोपऱ्यावर वळताना आतल्या बैलाला थोपवून बाहेरच्याला पुढे काढायचं, रुमण्यावर भार टाकायचा तो फाळ रुतेल इतका, बैल अडेल इतका नाही. जू नीट बसलं नाही तर खांदा सुजतो, मग ऐन आवणीत दहा-बारा दिवस बैल दावणीला. जुवाला क्रौर्य म्हणणाऱ्यांनी हे बघावं. खांदा खराब करणारा शेतकरी असतो, पण त्याचं नुकसान त्या बैलाइतकंच त्याचंही असतं.

राईतलं काम आणखी अवघड. परवानगी काढून तोडलेलं किंवा वाऱ्याने पडलेलं झाड खाली आणायचं तर तिथे ट्रॅक्टर चढत नाही. साखळी बांधायची, खोडाचं तोंड जमिनीत घुसू नये म्हणून खाली लाकडाचा तुकडा द्यायचा, आणि सरळ उताराने कधीच यायचं नाही. खोड मागून घसरत आलं तर बैलाचे पाय गेले. आडव्या वाटेने, वळसे घेत, थांबत थांबत. बाळ्या नावाचा आमचा एक बैल होता, त्याला साखळी सैल पडली की कळायचं. तो आपणहून थांबायचा. माणसांना ते उशिरा कळायचं.

आता मुद्द्यावर येते. बैल ट्रॅक्टरमुळे गेला हे अर्धं खरं आहे. दादाचा हिशोब मी त्याच्या वहीत पाहिलाय. जोडीला वर्षात काम चाळीस दिवस, खाणं तीनशे पासष्ट दिवस. त्याची दोन एकर खाचरं छोटा ट्रॅक्टर चार-पाच तासांत उरकतो, पाच-सहा हजारांत. जोडीची पेंड आणि वैरण त्याच्या कितीतरी पट. शेण मिळतं, उतारावर काम होतं, डिझेलवाल्याच्या फोनची वाट बघावी लागत नाही, हे सगळं धरूनही मेळ कसाबसा बसायचा. पण बसायचा! कारण त्या हिशोबात एक शेवटची ओळ होती: म्हाताऱ्या बैलाची किंमत.

तीन-चार वर्षांचा गोऱ्हा कामाला लावायचा, दहा-बारा वर्षांचा झाला की बाजारात न्यायचा. येतील त्या पैशांत थोडी भर घालून नवा गोऱ्हा आणायचा. तो म्हातारा बैल बाजारातून कुठे जायचा हे आम्हाला माहीत होतं. आई त्या दिवशी जेवायची नाही. पण पैसे घ्यायचो. हे लिहायला मला अवघड जातंय, आणि हेच तुमच्या फॉरवर्डमध्ये कधी नसतं.

१९७६ च्या कायद्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती, पण कामाचा न राहिलेला बैल दाखला घेऊन विकता येत होता. बैलांवरही बंदी आणणारं विधेयक १९९५ साली विधिमंडळात मंजूर झालं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ साली. तेव्हापासून ती शेवटची ओळ पुसली गेली. गुजरातच्या अशाच कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निकाल दिला, त्यात शेणाचं मोल कोहिनूर हिऱ्याहूनही जास्त म्हटलंय. आमच्या उकिरड्यावर असे कोहिनूर रोज पडतात. पेंडवाला ते घेत नाही.

मग शेतकरी काय करतो? तो बैल पाळणंच सोडतो. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६.८ कोटी होते, २०१९ ला ४.७ कोटी. सात वर्षांत तीस टक्के घट, आणि त्याच काळात गाई १८ टक्क्यांनी वाढल्या. हे सगळं एका कायद्यानं केलं असं मी म्हणणार नाही. ट्रॅक्टर आहे, तुकडे पडलेली जमीन आहे, शहरात गेलेली पोरं आहेत (त्यात मीही आले). पण काठावर उभ्या असलेल्याला धक्का कुणी दिला, हे विचारायला नको? आणि गंमत बघा, आता गाईला कालवडच व्हावी म्हणून खास वीर्यमात्रा सरकारी योजनेतून स्वस्तात मिळतात. बैल कापायचा नाही, आणि जन्मालाही येऊ द्यायचा नाही! याला बैलाचं प्रेम म्हणतात.

३० सप्टेंबर २०२४ ला राज्याने देशी गाईला 'राज्यमाता' म्हटलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला पन्नास रुपये मंजूर केले. गोशाळेला. ज्याने बारा वर्षं बैल पाळला, त्याच्या गव्हाणीत पन्नास पैसेही नाहीत.

शर्यतींचं सांगू नका. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीचा कायदा वैध ठरवला, मला त्यात वाईट वाटायचं काही नाही. पण शर्यतीच्या बैलाला कुणी औताला जुंपत नाही, आणि डांगी शर्यतीत धावत नाही.

माझं म्हणणं सोपं आहे. बैल हा देव असेल, तर त्याच्या म्हातारपणाचा खर्च सगळ्या भक्तांनी मिळून उचलावा आणि तो शेतकऱ्याच्या दारात द्यावा. तो कामकरी जनावर असेल, तर त्याचं काय करायचं ते त्याच्या धन्याला ठरवू द्यावं. यातलं काहीही करा. पण देवपण तुमचं आणि वैरण दादाची, हे चालायचं नाही. खरं तर दादाने स्वतः बहुधा विकलाच नसता. वहिनी तर नाहीच. पण "विकणार नाही" आणि "विकता येत नाही" यात फरक आहे, तो ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला कळतो.

आणखी एक, जे शहरात कुणाला सुचत नाही. बैल एकटा नसतो, जोडी असते. आमच्याकडे वारंगुळा चालायचा: एक बैल आमचा, एक शेजारच्या काकांचा. दोन्ही घरांची औतं त्याच जोडीवर. एकाने बैल काढला की दुसऱ्याचा बैल त्याच दिवशी निकामी होतो. गावातल्या जोड्या अशाच गेल्या, एकदम दोन-दोन.

काकांनी त्यांचा बैल दोन वर्षांपूर्वी पाहुण्याला देऊन टाकला, फुकट. दादाचा पाऱ्या आता पंधरा वर्षांचा आहे. पोळ्याला वहिनीने त्याचे खांदे हळद-लोण्याने मळले, दादाने शिंगं रंगवली. फोटो मीच काढला. तो कुणाला पाठवला नाही.

गेल्या आषाढात राईतला एक मोठा ऐन वाऱ्याने पडला. चार माणसांनी दोन दिवस खटपट केली, वीस हातही खाली आला नाही. पाऱ्या वर जाऊन उभा राहिला, एकटा. साखळी अजून खोडालाच आहे.