गाडी लेकाची, बॅटरी आईची

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला असते. दुपारी तीननंतर शेतातली कामं जरा आवरली की आम्ही पंधरा जणी जमतो. कर्ज मागणारीनं कारण सांगायचं आणि ते वहीत लिहायचं, असा आमचा नियम. वर्षानुवर्षं कारणं ठरलेली आहेत. बियाणं, दवाखाना, शाळेची फी, शेळी, शिलाई मशीन. गेल्या बैठकीत एका ताईंनी कारण सांगितलं, ‘‘पोराच्या गाडीची बॅटरी.’’ मी लिहायला घेतलं आणि हात थांबला. मागची पानं उलटून पाहिली. सात महिन्यांपूर्वी त्यांनीच, ह्याच कारणासाठी दोन हजार उचलले होते!

‘‘अहो, बॅटरी आहे का वडापाव?’’ एक आजी म्हणाल्या. सगळ्या हसल्या, पण ताई काही हसल्या नाहीत. पोरगा कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. सकाळच्या पाळीला गाडी सुरूच होईना. धक्का मारून मारून पोरगा घामाघूम झाला, उशिरा पोचला, तर ठेकेदारानं गेटवरूनच परत पाठवलं. असं महिन्यात तीनदा झालं. तीन खाडे म्हणजे तीन दिवसांचा पगार गेला. वर गाडीचा हप्ता आहेच. आणि त्याच बैठकीत त्यांच्या बारावीतल्या मुलीच्या क्लासच्या फीचा विषय निघाला, तर ताई म्हणाल्या, ‘‘तिचं बघू पुढं.’’

मैत्रिणींनो, मला त्या ‘पुढं’चा राग आला. पण नुसता राग येऊन काय उपयोग? म्हटलं, हे बॅटरीचं प्रकरण आहे तरी काय ते आधी समजून घ्यावं. मी आर्ट्सची, विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच तुटलेला. तरी गावातल्या गॅरेजमध्ये जाऊन बसले. तिथे बायका सहसा जात नाहीत, त्यामुळे मिस्त्रींनी आधी स्टूल पुसून दिलं आणि मग विचारलं, ‘‘काकू, कुणाची गाडी उचलायची?’’

आपल्या घरात पूर्वी जी गाडी होती ती आठवा. १९९४ साली स्प्लेंडर आली, तिनं गावंच्या गावं व्यापली. दूध घालायला तीच, बाजाराला तीच, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायलाही तीच. बॅटरी उतरली तर हॉर्न वाजायचा नाही, फार तर इंडिकेटर लागायचा नाही. गाडी मात्र किक मारली की सुरू! बॅटरी मेली आहे हे कित्येक घरांत वर्षभर कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

मग २००१ मध्ये पल्सर आली. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या कंपनीची. ही गाडी म्हणजे निखळ पुरुष, अशी तिची जाहिरात होती, आठवतंय का? (आम्ही तेव्हा नव्यानं लग्न झालेल्या. आमच्या ह्यांनी ती जाहिरात फारच मनावर घेतली होती.) तरी त्या पल्सरला किक होती. खरा बदल झाला तो २०१२ च्या सुमारास. ऑस्ट्रियातल्या केटीएम कंपनीची ड्यूक २०० आपल्या चाकणला तयार होऊन बाजारात आली. पल्सरची २०० एनएस त्याच वर्षी. ह्या गाड्यांना किकच नाही, बटन दाबायचं आणि निघायचं. पोरं वेडी झाली. २०१४ मध्ये पुढे वाकून बसायची आरसी मालिका आली आणि शर्यतीची गाडी दारात उभी करण्याचं स्वप्न यवत-केडगावच्या पोरांनाही परवडू लागलं. म्हणजे हप्त्यानं परवडू लागलं!

किक गेली आणि बॅटरीला एकदम घरच्या थोरल्या सुनेसारखं झालं. सगळं तिच्यावर. इंजिन फिरवायचं तिनं. पूर्वी पेट्रोल कार्बोरेटरमधून आपसूक उतरायचं, आता पंप विजेवर चालतो आणि किती पेट्रोल सोडायचं ते छोटा संगणक ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम लागू झाला, तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांना हीच पद्धत आली. धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. त्याआधी १ एप्रिल २०१७ पासून पुढचा दिवा दिवसाही चालू राहील, बंद करायचं बटनच असणार नाही, असा नियम झाला. अपघात टळावेत म्हणून. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, त्यांनाही वीज लागते. एकेक नियम योग्यच आहे. पण ह्या सगळ्याचा भार तीन-चार किलोच्या त्या एका डब्यावर आला, आणि हे घेणाऱ्याला कुणी सांगितलं नाही. शोरूममध्ये मायलेज सांगतात, पिकअप सांगतात. बॅटरीची काळजी कशी घ्यायची हे पुस्तकात छापलेलं असतं आणि पुस्तक डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच राहतं.

मी मिस्त्रींना विचारलं, ‘‘पोरं म्हणतात गाडीच बेभरवशाची. खरं का?’’

‘‘इंजिन कुठं बंद पडतंय काकू? इंजिन दणकट आहे. सुरू होत नाही हीच खरी तक्रार.’’

मग त्यांनी आमच्या गावाचंच गणित मांडलं. खुटबाव स्टेशनवर पोरं घरून गाडीनं जातात, गाडी लावतात आणि पुण्याची लोकल पकडतात. घर ते स्टेशन दोन-तीन किलोमीटर. एकदा सेल्फ मारला की बॅटरीतून एकदम मोठा करंट जातो. तो भरून यायला गाडी बराच वेळ चालावी लागते. पाच मिनिटांत स्टेशन आलं, वर दिवा चालूच, मग भरणार कधी? संध्याकाळी परत तेच. रोज चिमूटभर जास्त काढायचं आणि कमी घालायचं, की डबा रिकामाच होणार. त्यात गाडी दिवसभर उन्हात. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य घटतं. आणि उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पत्र्यांवर कडक थर धरतो, मग ती चार्जिंगला लावूनही पहिल्यासारखी होत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हेच झालं. गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या आणि उठल्यावर गॅरेजसमोर रांग लागली.

पण आमच्या ताईंचा मुलगा तर रोज कुरकुंभला जाऊन येतो, चांगलं लांबचं अंतर. मग त्याची बॅटरी का उतरावी? मी हे विचारलं तेव्हा मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, ‘‘आता बरोबर विचारलंत. एवढं लांब जाऊन बॅटरी भरत नसेल तर दोष बॅटरीत नाही. चार्जिंगच बसत नाही.’’

दुसऱ्या दिवशी गाडी आणवली. त्यांनी मीटर लावला. चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखवते आणि बारा-सव्वाबारा म्हणजे अर्धीमुर्धी. गाडी चालू करून जरा रेस दिली की साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा यायला हवा. ह्या गाडीचा आकडा साडेबाराच्या पुढे सरकेचना. रेग्युलेटर गेलेला! शिवाय आरशाखाली दोन जादा एलईडी दिवे, ट्रकसारखा हॉर्न आणि वायरी कापून टेपनं जोडलेल्या. त्यातली एक तार अशी जोडलेली की चावी काढली तरी थोडा करंट जातच होता. म्हणजे रात्रभर नळ ठिबकत होता म्हणा ना. पहिली बॅटरी विकणाऱ्या दुकानदारानं वॉरंटी का दिली नाही, तेही मग कळलं. ‘वायरिंगला हात लावलाय’ म्हणून त्यानं कार्ड परत केलं होतं. पण नवी बॅटरी विकताना त्यानं दोन मिनिटं मीटर लावून पाहिला असता, तर ह्या बाईचे दोन हजार वाचले नसते का? चूक पोराची आहेच. दुकानदाराचीही आहे, आणि मला ती जास्त वाटते, कारण त्याला कळत होतं.

अजून एक गोष्ट पाहिली आणि पोटात गोळा आला. जुनी बॅटरी त्यांच्या मोरीशेजारी, धुण्याच्या दगडाला टेकवून ठेवलेली. भंगारवाला आला की देऊ म्हणून. नातवंडं तिथंच खेळतात. बॅटरीत शिसं असतं आणि गंधकाचं आम्ल. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे, आणि थोडं गेलं तर चालतं असं त्याचं नाही. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि आपणही ती घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी द्यायची आहे. नवी घेताना दुकानात जुनी दिली तर पैसेही वजा होतात. ताईंना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, खोटं कशाला बोलू.

आता सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ह्या गाड्या आणखी घरांत येणार. येऊ देत. पोरांनी हौस करू नये असं मी म्हणणार नाही, आमच्याही घरात एक उभी आहे. मात्र गाडी घेताना सह्या बाप करतो, हप्ता चुकला की फोन पोराला येतो आणि पैसे आईच्या डब्यातून निघतात. तेव्हा सहा महिन्यांतून एकदा मीटर लावून घेतला का, हे विचारायचा हक्क तिचाही आहे. गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची काळी तार सोडवून ठेवायची, एवढं तर कुणालाही जमतं. आमच्या गटातल्या तिघी ते शिकल्यात.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. बरीच वादावादी झाली. शेवटी बॅटरीचं कर्ज नामंजूर झालं. रेग्युलेटरसाठी मंजूर झालं, ते बॅटरीच्या निम्म्याहून कमी पैशांत बसलं. मिस्त्रींनी आहे तीच बॅटरी रात्रभर सावकाश चार्ज करून दिली, ती अजून चालतेय. उरलेली रक्कम मुलीच्या क्लासच्या फीसाठी द्यायची असं आजींनी सुचवलं. वहीत मी कारण ‘शिक्षण’ असं लिहिलं आणि ताईंनी अंगठा न उमटवता सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

मुलगी अजून स्टेशनपर्यंत पायीच जाते. भाऊ सोडतो कधी कधी, त्याची पाळी जुळली तर. त्यानं जादा दिवे काढलेत. हॉर्न मात्र काढलेला नाही. काल रात्री साडेदहाला आमच्या दारावरून गेला, तेव्हा वाजवतच गेला.