'दुसरे व्यसन' नावाची पळवाट

गर्द, अफू किंवा ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांच्या विळख्यात सापडलेल्या माणसाला औषध देऊन सावरता येते, असे म्हणताच सुशिक्षित मराठी माणूस उत्तरतो : 'म्हणजे एक व्यसन सोडवायला दुसरे!' वाक्य चटकदार असल्याने ते कोणी तपासत नाही. आमच्या मते ते खोटे आहे आणि घातकही.

ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी. मेंदूत हेरॉइन जिथे जाऊन बसते, तिथेच ती बसते. पण तिचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही. अंगदुखी, जुलाब, तळमळ शमते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. मेथाडोन हे याच कामाचे दुसरे औषध. ही दोन्ही 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. हा उपचार चालू असताना मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते. याउलट रुग्णाला नुसते कोंडून 'शुद्ध' केले, तर शरीराची सवय मोडते. बाहेर पडल्यावर घेतलेली जुनीच मात्रा मग श्वास थांबवते.

तरीही हा तिटकारा का? त्याचे धागे आम्हा मराठीच्या अध्यापकांच्या वर्गापर्यंत येतात. 1919 साली रंगभूमीवर आलेला 'एकच प्याला' आम्ही वर्षानुवर्षे निश्चयाची शोकांतिका म्हणून शिकवतो. सुधाकर दारू सोडतो, काम मागायला जातो, अपमानित होतो, पुन्हा प्याल्याकडे वळतो. उत्तरपत्रिकेत याला 'मनाचा दुबळेपणा' म्हणतात आणि आम्ही गुण देतो. यात दोष गडकऱ्यांचा नाही. शंभर वर्षांनंतरही तेच निदान पुरेसे मानणाऱ्या आमचा आहे.

शब्दांचेही तेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'व्यसन' म्हणजे राज्यावरचे संकटही. मराठीने संकट विसरून दुर्गुण तेवढा राखला. वर 'गर्दुल्ला' हा शब्द घडवला, ज्यात रुग्णाला जागाच नाही.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती. राजुऱ्यात तेव्हा वाद ऐकले ते बाटली मिळावी की नाही याचे; व्यसनी माणसावर उपचार कुठे आणि कोणते, हा प्रश्न क्वचितच निघाला. दारूवरचे औषधोपचार वेगळे, हे खरे. पण औषधाविषयीची अढी एकच.

आक्षेप येतो : या गोळ्याही बाजारात विकल्या जातील. काही जातीलही. म्हणूनच त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, केंद्रावर समोर द्याव्यात. दुसरा आक्षेप : औषध वर्षानुवर्षे चालते. थायरॉइडची गोळीही चालते. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. आणि समुपदेशन अनावश्यक आहे, असे आम्ही म्हणत नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने रुग्णाला माणूस म्हणून वागवायला मराठी समाजाला शिकवले. त्याच माणुसकीने त्याच्या हातची गोळीही सोसावी.

केंद्र सरकारच्या 2019 सालच्या सर्वेक्षणानुसार देशात अफूवर्गीय पदार्थांच्या समस्येमुळे मदतीची गरज असलेले लोक सुमारे 77 लाख आहेत. त्यांना आमच्याकडून निश्चयावरचे व्याख्यान नको आहे. ते औषध घेत असताना आम्ही नाक मुरडले नाही, तरी पुष्कळ झाले.