ताडोब्याचा मंगळवार

ताडोब्याहून परत आले की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला, "वाघ दिसला का?" दिसला म्हटले की "वा, पैसे वसूल!" नाही म्हटले की समोरचा माणूस सांत्वनाला आल्यासारखा चेहरा करतो. राहिलात कुठे, कसे, हे कोणी विचारत नाही. मला मात्र त्यावरच बोलायचे आहे.

पुण्याहून नागपूर ७०० किलोमीटरच्या वर, पुढे चंद्रपूर आणखी १५०. एवढा प्रवास करून आपली मंडळी रात्री मुक्कामी पोचतात, पहाटे जिप्सीत बसतात, दुपारी दुसरी फेरी, की लगेच परतीची गाडी. मुक्कामाची जागा म्हणजे जणू एसटी स्टँडवरचे बाकडे! ताडोब्याचा कोअर भाग दर मंगळवारी बंद असतो, म्हणून सोमवारी संध्याकाळीच बरेच जण सामान बांधतात. माझे म्हणणे असे, की तो मंगळवार मुद्दाम राखून ठेवावा.

एका मार्चमध्ये मी आणि माझी नणंद मोहर्लीच्या बाजूला एका लॉजवर असा मंगळवार राहिलो. आदल्या दिवशीच्या जिप्सीच्या धक्क्यांनी आमच्या वयाची हाडे बोलत होती, तेही एक कारण. लॉज साधेच. जुनी झाडे तशीच ठेवून मध्ये चार खोल्या, एवढीच बाग. दारातच मोह. त्याची फुले रात्री-पहाटे गळतात. सकाळी झाडाखाली पिवळसर सडा आणि गोड, जरासा आंबूस वास.

खोल्या झाडायला येणारी बाई गावातलीच. कामावर येण्याआधी ती रानाच्या कडेला मोहफुले वेचून आली होती. "भीती नाही वाटत?" मी विचारले. "वाटते ना जी. पण मोह का सालभर पडते?" एवढे बोलून ती केर काढू लागली.

मे २०२५ मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ताडोबा हे नावसुद्धा तारू या गोंड प्रमुखावरून आले असे सांगतात. तो वाघाशी झुंजताना मेला अशी कथा आहे, आणि तळ्याकाठी त्याचे देऊळ आहे. ज्या वाघाला चार तास पाहायला आपण पैसे मोजतो, त्याच्या शेजारी ही माणसे जन्म काढतात. मग आपले पैसे त्यांच्या घरापर्यंत पोचतात की नाही, हे पाहायला नको का?

म्हणून बुकिंग करताना खोलीत एसी आहे का, हे विचाराल तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारा. कामाला माणसे कुठली आहेत? तांदूळ, दूध, भाजी कुठून येते? उत्तर देताना मालक अडखळला, तर दुसरा फोन लावा.

आणि बागेबद्दलही बोलायलाच हवे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे हिरवळीचा गालिचा आणि पोहायचा तलाव कशाला? पाणी त्याच जमिनीतून उपसायचे ना? झाडांना रंगीत दिव्यांच्या माळा लावल्या आणि गाणी सुरू केली की अंधार पडल्यावर ओरडणारा रातवा ऐकू कसा येणार? हिरवळ आणि फुलांचे ताटवे पाहायला आपले एम्प्रेस गार्डन आहे की.

व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करून राहिले, म्हणून आपल्याला 'नागझिरा' हे पुस्तक मिळाले. आपण कोणी माडगूळकर नव्हे, कबूल. पण एक दिवस खुर्ची टाकून मोहाखाली बसणे कोणालाही जमेल.

असो. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर बंदच असतो. भाचे-पुतण्यांनो, ऑक्टोबरनंतरची तिकिटे काढाल तेव्हा त्यात एक मंगळवार धरा. पटत नसेल तर तसे सांगा, मी वाद घालायला तयार आहे.