वादविवाद शिबिरातील यश आणि आमचा आनंद

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या शाळेचे सात विद्यार्थी वादविवादाच्या शिबिरास गेले आणि परत येताना फिरती ढाल व दोन वैयक्तिक पारितोषिके घेऊन आले, हे वर्तमान सोनईच्या पेठेत आमच्या आधीच पोहोचले होते. एस.टी.तून उतरताच मुलांच्या गळ्यात हार पडले, पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवशी चौकात त्यांच्या छायाचित्रांचा फलकही झळकला. ज्या गावात शाळेचे नाव बहुधा दहावीच्या निकालाच्या दिवशीच घेतले जाते, तेथे मुलांनी नीट विचार करून बोलल्याबद्दल पेढे वाटले जावेत, याचा आनंद आम्हांस कोणाहून कमी झाला नाही. ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीतील काचेच्या कपाटात ठेविली आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी.

तथापि, ज्या यशाबद्दल आम्हांस विशेष काही लिहावयाचे आहे ते त्या कपाटात नाही.

शिबिराचे नियम दोन होते. भाषण दुसऱ्याकडून लिहून घ्यावयाचे नाही. आणि अनुकूल बोलावयाचे की प्रतिकूल, हे ज्याचे त्याने न ठरविता चिठ्ठीने ठरावयाचे. पहिल्या नियमानेच आमची मुले गारठली. पहिले दोन दिवस ती जवळजवळ मुकी होती, असे त्यांच्याबरोबर गेलेल्या आमच्या सहकारी बाईंनी कळविले. हा दोष मुलांचा नव्हे, आमचा आहे, आणि तो येथे कबूल करणे प्राप्त आहे. 26 जानेवारी असो, 15 ऑगस्ट असो की 3 जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती असो, भाषण आम्ही लिहावयाचे, कोठे हात उंचवावयाचा व कोठे आवाज चढवावयाचा तेही आम्हीच सांगावयाचे, आणि मुलाने ते घोकून टाळ्या मिळवावयाच्या, ही रीत आम्ही वर्षानुवर्षे चालविली आहे. कित्येक घरी हे काम मामा किंवा थोरला भाऊ करतो, एवढाच फरक. पोपटास पेरू देऊन आपण वक्ता घडविला असे मानणारे आम्ही, मग मुले मुकी झाली यात नवल ते काय!

शिबिराच्या पाचव्या दिवशी विषय होता, ‘मुळा धरणाचे पाणी उसास द्यावे की नाही.’ आमच्या नववीतील एका मुलीस चिठ्ठी निघाली ती उसाच्या विरुद्ध बोलण्याची. सोनईच्या वाचकांस यातील अडचण समजावून सांगावयास नको. आमच्या गावी साखर कारखाना आहे. या मुलीच्या घरचे चार एकर ऊसच आहे. तिची फी, तिची वह्या-पुस्तके, किंबहुना त्या शिबिराला जाण्याचे एस.टी.चे भाडेदेखील उसाच्याच पैशातून आलेले. ती रात्री रडली. बाईंनी तिला चिठ्ठी बदलून दिली नाही. ग्रंथालयाच्या खोलीचा दिवा मात्र उशिरापर्यंत चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली तेव्हा प्रथम तिने आपल्या विरुद्ध पक्षाचे म्हणणे सांगितले, आणि ते त्या पक्षाच्या मुलांहून चांगले सांगितले. ऊस पडेल भावाने विकावा लागत नाही, कारखान्याने गावात रस्ते, शाळा व रोजगार आणला, कोरडवाहू शेतकऱ्यास प्रथमच हातात चार पैसे खेळताना दिसले, हे सारे तिने मान्य केले. मग ती पाण्याकडे वळली. बारागाव नांदूरच्या धरणाची साठवण 26 अब्ज घनफुटांची. रब्बी ज्वारी चार महिन्यांत घरी येते, आणि आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहून पाणी मागतो. मुळेचे पाणी प्रवरेतून गोदावरीस मिळते व खाली पैठणच्या जायकवाडीवर मराठवाड्याची तहान अवलंबून आहे. आणि खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व राज्याने 2005 सालच्या कायद्यात घातले आहे. शेवटी, ऊस नको असे न म्हणता, उसाला पाटाने मोकळे पाणी नको, ठिबकाने द्यावे, असे तिने मांडले. परीक्षकांनी तिला क्रमांक दिला नाही, कारण प्रतिकूल बाजू तिने पुरती धरून ठेविली नाही. नियमाप्रमाणे निर्णय बरोबर असेल. आमच्या मते त्या दिवशीचे सर्वांत प्रामाणिक भाषण तेच होते.

मुलांस वाद घालावयास शिकविले म्हणजे ती घरात उलट बोलू लागतात, अशी तक्रार काही पालकांनी आम्हांजवळ केली आहे. तक्रार अगदीच निराधार नाही. पहिला महिनाभर थोडे उलट बोलणे सोसावे लागते. परंतु भांडणात दुसऱ्याचे ऐकावे लागत नाही, वादात ऐकावेच लागते. आपल्याकडील जुन्या शास्त्रीपंडितांचीही रीत हीच होती, की आधी पूर्वपक्ष नीट मांडावा व मगच त्याचे खंडन करावे. ज्यास प्रतिपक्षाचे म्हणणे सांगता येत नाही त्यास आपलेही कळले आहे, असे आम्ही मानीत नाही.

आणि मुलांच्या बोलण्यातून काय निपजते याचे दाखले महाराष्ट्रात आहेत. मुंबईस एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी 1848 साली एक सभा स्थापिली. तेथे निबंध वाचले जात व त्यांवर चर्चा होई. चर्चेवरच न थांबता 1849 साली त्या मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या व त्यांत स्वतः विनावेतन शिकविले. दादाभाई नौरोजी त्यांच्यापैकीच. पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि वक्तृत्वोत्तेजक सभेच्या वतीने ती ऐन उन्हाळ्यात अद्यापि भरते. आमच्या जिल्ह्याच्या अधिक जवळचा दाखला 1855 चा आहे. अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, 1842 साली निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या दोन अंकांत मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. ती मांग समाजातील, जोतीराव व सावित्रीबाई यांच्या शाळेतील, वय सुमारे चौदा वर्षांचे. धर्माच्या नावाने ज्यांनी तिच्या लोकांस दूर ठेविले त्यांस तिने उलट प्रश्न विचारले, आणि ते आजही वाचले जातात.

आमच्या चमूतील एका मुलाची भाषा ऐकून शिबिरात प्रथम हशा पिकला. ‘व्हतं’, ‘नव्हं’, ‘आमी’ असे तो बोलतो. शुद्ध बोलणे आम्ही त्यास शिकवू. ते आमचे कामच आहे. परंतु ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे त्याने व्याकरण येईपर्यंत गप्प बसावे, हे आम्हांस मान्य नाही. दोन पारितोषिकांपैकी एक त्याला मिळाले आहे.

शाळा उघडल्यावर त्या नववीतील मुलीचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांची मुद्रा पाहून आम्ही मनातून चरकलो. ते बसले, त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेविली, आणि म्हणाले, “गुरुजी, पोरगी ठिबकाचा हिशेब सांगती, त्यो खरा हाय का?” आम्ही तिची वही मागवली व दोघांनी मिळून पाऊण तास आकडे तपासले. दोन ठिकाणी तिची बेरीज चुकली होती.

पुढील वर्षीच्या शिबिरासाठी नावे घेणे सुरू आहे. आजपर्यंत अकरा आली. त्यांत मुली तीन. आणखी दोघींची इच्छा आहे, परंतु परगावी रात्री राहण्यास घरून परवानगी नाही. त्यांच्या वडिलांस भेटावयास आम्ही येत्या रविवारी, उपासना आटोपल्यावर, जाणार आहोत.