आधी बेल्ट, मग थर

दहीहंडीत सगळ्यात वर चढणाऱ्याच्या कमरेला बेल्ट लावायचा की नाही, हे पथकाच्या मर्जीवर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. कागदावर ते तसं सोडलेलंही नाही. न्यायालयाचे आदेश झाले, सरकारच्या सूचना निघाल्या. हेल्मेट, बेल्ट, गाद्या सगळं त्यांत येऊन गेलं. मैदानात मात्र दुपार चढली, ट्रक येऊन लागले आणि भोंग्यावरून सलामीच्या रकमेचा पुकारा सुरू झाला की यातलं किती पाळलं जातं, ते मी वरळीच्या बीडीडी चाळीत आयुष्य काढून बघितलंय. तरुणपणी मी पहिल्या थराला असायचो. आता संध्याकाळी पोरांच्या सरावाला जाऊन उभा राहतो.

पोरं बेल्ट का टाळतात? भीती वाटत नाही म्हणून, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. खालच्याला वर बघता येत नाही. खांद्यावरचे पाय सरकले की वर काय चाललंय याचा अंदाज घ्यायचा, मांड्या थरथरत असतात, नाकात घाम जातो. अशा वेळी वरच्या पोराला बेल्टचा दोर अडकवायला वेळ गेला तर खालचा थर बसतो. शेजारचं पथक बेल्ट न लावता थर लावून मोकळं झालेलं असतं आणि बक्षीस त्याच्याकडे जातं. मग पुढच्या हंडीला आपणही बेल्ट ट्रकमध्येच ठेवतो. स्पर्धेत एकट्यानेच शहाणपण केलं की तो मागे पडतो. म्हणून नुसत्या समजावण्याने हे सुटणार नाही.

ग्लायडरच्या स्पर्धांत हाच पेच होता. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान; आपल्याकडे पुण्यात हडपसरला त्याचं केंद्र आहे. ही विमानं वर चढणाऱ्या गरम हवेत घिरट्या घेत उंची मिळवतात. स्पर्धेत एकाच झोतात अनेक जण शिरतात आणि टक्कर होऊन माणसं मरतात. 2004 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वैमानिकांनी फ्लार्म नावाचं छोटं यंत्र आणलं. ते उपग्रहावरून आपली जागा ओळखतं, पुढच्या काही सेकंदांत आपण कुठे असू ते रेडिओवरून आसपासच्यांना कळवतं आणि टक्कर होणार असं दिसलं की वाजतं. पण समोरच्याकडे यंत्र नसेल तर ते त्याच्यापुरतं मुकं राहतं. शिवाय आपण कुठे चढतोय हे प्रतिस्पर्ध्याला दिसेल, ही स्पर्धकांची तक्रार होतीच. तिच्यावर उपाय म्हणून चाल झाकण्याची सोय यंत्रातच केली गेली, आणि अनेक मोठ्या स्पर्धांनी यंत्र सक्तीचं केलं. सगळ्यांनाच लावायचं म्हटल्यावर कोणाचं नुकसान होण्याचा प्रश्न राहिला नाही.

आपल्यासारखेच मानवी मनोरे रचणारे स्पेनमधल्या कॅटलोनियाचे लोक. 2006 मध्ये मातारो शहरात मनोऱ्यावरून पडून 12 वर्षांची मुलगी गेली. त्यानंतर तिथे वरच्या थरांतल्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. 2010 मध्ये युनेस्कोने त्या मनोऱ्यांना मानवतेचा वारसा म्हटलं. हेल्मेटमुळे त्यांच्या परंपरेचं काही बिघडलं नाही.

आपल्याकडे काय झालं? 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीला 20 फुटांची मर्यादा घातली, 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, 2017 मध्ये ती उठली आणि 14 वर्षांखालचं मूल चढणार नाही अशी हमी सरकारने दिली. 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, मृत्यूला 10 लाखांचं कवच आलं. 2025 मध्ये ठाण्यात 10 थर लागले, छाती फुगली. त्याच ऑगस्टमध्ये दहिसरला सरावात थरावरून पडून 11 वर्षांचा मुलगा गेला. सरावाला ना कॅमेरा असतो, ना बक्षीस, ना पोलीस. पैसे दिल्याने त्या घरातलं पोर परत येत नाही.

साधनांबद्दल थोडं नीट बोलायला हवं, कारण सूचना लिहिणारे कधी पहिल्या थराला उभे राहिलेले नसतात. गादीवर उभं राहून थर लागत नाही. पाय रुततो, टाच फिरते. गाद्या बाहेरच्या कड्याला हव्यात. मोटारसायकलचं कडक हेल्मेट घालून पोर पडलं तर खालच्याचं डोकं फुटतं. हलकं, मऊ कवचाचं हवं. आणि दोर! तो क्रेनच्या कप्पीवरून येतो, पण दुसरं टोक कोणाच्या हातात आहे ते कोणी विचारत नाही. सह्याद्रीचे कडे चढणारे गिर्यारोहक हे काम रोज करतात. दोर सैल ठेवायचा, ओढायचा नाही, पडताक्षणी रोखायचा. त्यांच्यातला एकेक जण प्रत्येक मोठ्या हंडीला का बोलवू नये? दोर सैल असला की चढणं पोराचं स्वतःचंच राहतं. बेल्ट लावला म्हणजे गोविंदा राहिलाच नाही, हा आक्षेप तिथेच संपतो.

पथकांना दोष देऊन काही होणार नाही. थरांच्या संख्येवर बोली आयोजक लावतात, पैसा त्यांच्या हातात असतो. वरळीच्याच डोम स्टेडियममध्ये 2023 पासून प्रो गोविंदा लीग भरते. तिथे वेळ मोजली जाते आणि निकाल पाळला जातो. वेळ मोजणारा माणूस बेल्टही तपासू शकतो, आणि बेल्ट अडकवण्याचा वेळ मोजणीतून वगळूही शकतो.

आमच्या चाळी आता पाडल्या जाताहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरच्या किल्ल्या मिळाल्या. दोन चाळींच्या मधल्या ज्या जागेत आम्ही थर शिकलो ती जागा राहणार नाही, पण पोरं कुठे ना कुठे सराव करणारच, आणि सराव होतो तो सलामीसाठी.

म्हणून वरळीच्या जांबोरी मैदानापासून ठाण्यापर्यंतच्या प्रत्येक आयोजकाला माझी विनंती आहे: सलामीची रक्कम ज्या फलकावर लिहिता, त्यावरच अट लिहा. वरच्याला बेल्ट नसेल किंवा तो 14 वर्षांखालचा असेल, तर कितीही थर लागोत, सलामी बाद. यंदाच्या काल्यापासून लिहा.