दुखलं नाही, म्हणून...

मे महिन्यात लग्नाला गावी जाऊ नये, हे मला कळतं. पण चुलतभावाचं लग्न, तेही वसमतला. टाळणार कसं? शुक्रवारी ऑफिसातून थेट बस पकडली, रात्रभर मुद्दाम पाणी प्यायलो नाही (का, ते तुम्हाला माहीत आहे!) आणि सकाळी उतरलो तो 42 डिग्रीत. दिवसभर वरातीत नाच, वर तीन कोल्ड्रिंक्स. पाणी? आठवत नाही.

रात्री तीनला उजव्या कुशीत कळ उठली. बसवेना, झोपवेना. पाठीतून जांघेपर्यंत उतरायची, थांबायची, पुन्हा उसळायची. बाथरूममध्ये गेलो तर लघवी कोकम सरबताच्या रंगाची! एसीत बसून एक्सेल शीट भरणारा माणूस मी, रक्त बघून निम्मा गार झालो.

‘‘उन्हाळी लागली बघ. सब्जा घे,’’ आई म्हणाली. गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात कळ गायब. ‘‘खडा पडला असंल,’’ घरभर एकमत. मी परतीचं तिकीट बघायला लागलो. बाबा मात्र अडून बसले. ‘‘रक्त काहून आलं, ते आधी बघू.’’ हळदीच्या शेतात आयुष्य गेलेला माणूस. पान पिवळं पडलं की आधी मूळ उकरून बघणार.

नांदेडला युरॉलॉजिस्टकडे गेलो. लघवीच्या तपासणीत लाल पेशी भरपूर. सोनोग्राफीत किडनीला किंचित सूज, पण खडा दिसेना. मूत्रनलिकेचा मधला भाग आतड्यातल्या गॅसमागे लपतो म्हणे. मग साधा सीटी स्कॅन, शिरेतून औषध न देता. त्यात तो सापडला: 6 मिलिमीटरचा मुतखडा, मूत्रनलिकेत अडकलेला.

‘‘पण सर, दुखायचं तर थांबलंय,’’ मी म्हणालो.

‘‘कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नाही. तो वाट अडवून गप्प बसला तर किडनी आतल्या आत खराब होते. आणि कळेबरोबर थंडी-ताप आला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.’’

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, घरात आणखी कुणाला असा त्रास?

बाबा चाचरले. ‘‘मला मागं दोनदा लाल झालती. पण दुखलं नाही, म्हणून...’’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्या रिपोर्टकडे त्यांनी नंतर बघितलंच नाही. तंबाखू? विसाव्या वर्षापासून. वय? एकसष्ट. माझी फाइल बाजूला आणि बाबांची उघडली.

दुखण्याशिवाय येणारं रक्त, तेही या वयात आणि तंबाखूची सवय असताना, जास्त काळजीचं असतं, हे मला तेव्हा कळलं. तंबाखूतली विषारी द्रव्यं लघवीतूनच बाहेर पडतात आणि तोवर मूत्राशयात साठून राहतात. दुर्बीण घालून बघितलं तेव्हा बाबांच्या मूत्राशयात गाठ निघाली. कॅन्सरची. नशीब एवढंच, की ती आतल्या थरापुरती होती. दुर्बिणीतूनच काढली. आता दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तंबाखूची डबी बाबांनी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर फेकली.

माझा खडा? पुढं लेझरनं फोडला. तुकडे लॅबमध्ये पाठवले, कारण खडा कशाचा हे कळलं तरच पथ्य ठरतं. दूध बंद करायचं नाही, ही सक्त ताकीद. कॅल्शियम तोडून खडे थांबत नाहीत. पाणी इतकं प्यायचं, की दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी. डेस्कवर आता लिटरची बाटली असते आणि मीटिंगमधून मी बिनधास्त उठून जातो.

माझी कळ मला डॉक्टरकडे घेऊन गेली. बाबांना कळच नव्हती, म्हणून ते घरीच बसले. पान पिवळं पडलं की मूळ उकरणारा माणूस, स्वतःच्या बाबतीत मात्र वर्षभर गप्प!

या रविवारी घरी फोन कराल, तेव्हा ‘जेवलात का’च्या पुढं जाऊन हेही विचारा. थोडं ऑकवर्ड होईल. होऊ द्या.