किल्ली कुणाच्या हाती?

सांगलीतील जुन्या संगणकावर बिनतक्रार चालणारा माझा लिनक्सचा पेनड्राइव्ह साताऱ्यात एका विद्यार्थ्याच्या नव्या लॅपटॉपने नाकारला. पेनड्राइव्ह शाबूत होता. त्यातली प्रत जुनी होती. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून बहुतेक यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ असते. प्रणाली सुरू होण्यापूर्वी ते तिच्यावरची स्वाक्षरी तपासते, आणि ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या किल्लीची लागते. डेबियनला हे साधले २०१९च्या दहाव्या आवृत्तीत. नवी प्रत उतरवून घेताच लॅपटॉप सुरू झाला.

पहारा असावा, याविषयी वाद नाही. परंतु ग्रंथालयाच्या दारावरचा पहारेकरी एखाद्या प्रकाशकाने नेमलेला असेल, तर वाचकाने सावध असावे. हा पहारा उठवण्याची सोय बहुतेक यंत्रांच्या सेटिंगमध्ये असते. ती ठाऊक असणे, हेही आता साक्षरतेतच मोडते.